थेंबभर रक्त
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला, 'नव्या तंत्रज्ञानाच्या कंपन्या आणि चालकांची जबाबदारी'. ऐकून मी आधी नाहीच म्हटले. माझा सारा जन्म एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लोकांचे रक्त तपासण्यात गेला. कंपनी कशी चालवावी हे मी काय सांगणार? परंतु मागाहून आठवले की, या विषयातली अलीकडची सर्वांत गाजलेली हकीकत रक्ताचीच आहे, आणि ती कंपनी काढणारी एक बाई होती. तेव्हा तीच सांगते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये एलिझाबेथ होम्स ही मुलगी स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होती. २००३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने कंपनी काढली, आणि शिक्षण अर्धवट सोडले. कंपनीचे नाव थेरानोस. कल्पना अशी की, दंडाच्या शिरेत सुई घालून नळ्या भरभरून रक्त काढावयाचे नाही. बोटाला जरासे टोचावे, दोन-चार थेंब घ्यावेत, आणि एका लहानशा यंत्रात शेकडो तपासण्या व्हाव्यात. यंत्राला तिने एडिसनचे नाव दिले. ही कल्पना वाईट होती असे मी मुळीच म्हणणार नाही. सुई पाहून डोळे गच्च मिटणारी माणसे मी पस्तीस वर्षे पाहिली आहेत. त्यांत पहिलवानही होते. असे यंत्र खरोखर निघाले असते, तर मी स्वतः तिला ओवाळले असते.

पण रक्ताचे आपले काही नियम आहेत. बोट दाबून थेंब काढला की, त्यात आजूबाजूच्या मांसातले पाणी मिसळते. दाबण्याने तांबड्या पेशी फुटतात, आणि त्यांच्या आतले पोटॅशियम बाहेर येते. मग रिपोर्टात पोटॅशियम वाढलेले दिसते. माणूस ठणठणीत, आणि कागदावर मात्र त्याचे हृदय धोक्यात! शिवाय थेंब थोडा, तपासण्या अनेक. म्हणजे रक्तात पाणी घालून ते वाढवावे लागते. ताकात पाणी घातले तर फक्त चव जाते. रक्तात घातले की, मोजावयाची वस्तूच इतकी विरळ होते की यंत्राला ती नीट दिसत नाही.

एडिसन यंत्रावर प्रत्यक्षात डझनभरच तपासण्या होत असत. बाकीच्या बहुतेक दुसऱ्या कंपन्यांच्या नेहमीच्या यंत्रांवर, आणि कित्येक वेळा असेच रक्त विरळ करून, उरकल्या जात. बाहेर मात्र सांगितले जाई की सारे आमच्या यंत्राने होते. २०१३ पासून वॉलग्रीन्स या औषधविक्रीच्या मोठ्या दुकानांत लोकांचे रक्त घेणे सुरू झाले, विशेषतः ॲरिझोना राज्यात. भांडवलदारांनी सत्तर कोटींहून अधिक डॉलर घातले. २०१४ साली कंपनीची किंमत नऊ अब्ज डॉलर धरली गेली.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते. प्रयोगशाळेत सकाळी पहिल्या रुग्णाच्या आधी 'कंट्रोल' लावतात. ज्यातली साखर किती, पोटॅशियम किती हे आधीच ठाऊक आहे, असे तयार सीरम यंत्रात घालावयाचे. यंत्राने तोच आकडा दिला तर कामाला लागावयाचे. नाही दिला तर यंत्र बंद, आणि दोष शोधावयाचा. घरची आजी भाताचे एक शीत दाबून पाहते, तसेच हे. फरक इतकाच की, येथे शीत शिजले नसेल तर पंगत उठवावी लागते.

नोकरीतल्या माझ्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी कंट्रोल बरोबर आला नाही. वरून मोठे डॉक्टर रिपोर्टासाठी तीनदा निरोप पाठवीत होते. मी पुन्हा कंट्रोल लावला. तो जेमतेम हद्दीत बसला. मी पहिला आकडा वहीत लिहिलाच नाही, आणि रिपोर्ट लिहावयास बसले. आमच्या मुख्य बाईंनी कचऱ्यातली पट्टी पाहिली. त्या काही बोलल्या नाहीत. फोन उचलला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "आज दुपारपर्यंत पोटॅशियम मिळणार नाही. जबाबदारी माझी." मग माझ्या हातात वही दिली आणि पहिला आकडा माझ्याकडूनच लिहून घेतला. डॉक्टर रागावले ते त्यांच्यावर. माझे नाव कुठे निघालेच नाही.

थेरानोसमध्ये एरिका च्युंग ही मुलगी अशीच नवखी होती; बर्कलीच्या विद्यापीठातून नुकतीच बाहेर पडलेली. एडिसनचे कंट्रोल वारंवार फसत, आणि न जुळणारे आकडे काढून टाकून उरलेल्यांवर यंत्र बरोबर ठरविले जाई. तिने वरिष्ठांना सांगितले. तिचा सहकारी टायलर शुल्ट्झ यानेही होम्सला लिहून कळविले. त्याचे आजोबा जॉर्ज शुल्ट्झ, अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री, कंपनीच्या संचालक मंडळावर होते. आजोबांनी विश्वास ठेवला तो नातवावर नव्हे, होम्सबाईंवर! दोघांनीही २०१४ साली नोकरी सोडली. पुढे कंपनीच्या वकिलांशी झगडताना टायलरच्या आईवडिलांचे चार लाखांहून अधिक डॉलर गेले. त्या संचालक मंडळावर किसिंजर होते, सेनापती होते. वैद्यकातले एक-दोघे होतेही. परंतु रोज सकाळी वही मागून पाहणारे कोणी नव्हते. आमच्या मुख्य बाई तेथे हव्या होत्या.

२०१५ च्या ऑक्टोबरात 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये जॉन कॅरीरू यांनी हे सारे उघड केले. एरिकाने सरकारी तपासनिसांना पत्र लिहिले होते. जानेवारी २०१६ मध्ये सरकारने जाहीर केले की, त्या प्रयोगशाळेमुळे रुग्णांच्या जिवाला तत्काळ धोका आहे. कारण रक्त गोठण्याच्या तपासणीतही चुका होत्या, आणि तिच्यावर रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे प्रमाण ठरते. कंपनीने एडिसनवरचे दोन वर्षांचे रिपोर्ट रद्द केले. ॲरिझोनात सुमारे पावणेदोन लाख लोकांना पैसे परत मिळाले.

पैसे परत मिळतात हो. खटल्यात एका बाईची साक्ष झाली. तिचे आधी तीन गर्भपात झाले होते. चौथ्या वेळी दिवस गेले, आणि या कंपनीचा रिपोर्ट आला की हाही गर्भ राहत नाही. तो चुकीचा होता. पुढे तिला धडधाकट मूल झाले. पण मधले ते दिवस तिने कसे काढले असतील, हे येथे बसलेल्या बायकांना मी समजावून सांगावयास नको.

२०१८ साली कंपनी मोडली. जानेवारी २०२२ मध्ये पंचांनी होम्सला चार आरोपांवर दोषी ठरविले. ते चारही भांडवलदारांना फसविल्याचे; रुग्णांना फसविल्याच्या आरोपांतून ती सुटली. हे मला अजून खुपते. सव्वाअकरा वर्षांची शिक्षा झाली, आणि ३० मे २०२३ रोजी ती तुरुंगात गेली. तिचे भागीदार बलवानी यांना जवळजवळ तेरा वर्षांची. मोबाईलमधले ॲप अर्धेकच्चे बाहेर काढून मागाहून दुरुस्त करावयाचे, ही त्या भागातली रीतच आहे. औषधाच्या आणि रक्ताच्या धंद्यात ती चालत नाही, एवढे सांगणारा माणूस मालकाला जवळ ठेवता आला पाहिजे, आणि त्याचे ऐकताही आले पाहिजे.

आता आपल्या घरचे. पुढील महिन्यात आपल्या मंडळात एका नव्या कंपनीतर्फे विनामूल्य रक्ततपासणीचे शिबिर ठरत आहे. बोटाचा एक थेंब, दहा मिनिटांत मोबाईलवर रिपोर्ट, असे त्यांचे पत्रक आहे. काही भगिनी मला म्हणाल्या, "फुकट आहे, तर तुम्ही कशाला मोडता घालता?" मी मोडता घालीत नाही. बोटाच्या थेंबावर साखर पाहता येते, आपल्यातल्या कित्येकजणी घरी पाहतातच. पण त्या पत्रकात एकूण बावीस तपासण्या लिहिल्या आहेत. म्हणून मी मंडळाच्या वतीने त्यांना तीन गोष्टी लिहून विचारल्या: कंट्रोल दररोज कोणता लावता, शिबिराच्या दिवशीची वही आम्हांला दाखवाल काय, आणि रिपोर्टावर सही कोणत्या डॉक्टरांची असेल. पत्र पाठवून अकरा दिवस झाले, काल त्यांच्या माणसाचा फोन आला, "मॅडम, बॅनर कुठे लावावयाचा?" लेखी उत्तर आले की ते फळ्यावर लावीन. तोवर नावे नोंदविण्याची वही माझ्या कपाटात आहे.