काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं: टर्मिनल इम्युलेटरचे शब्द समजून घेऊया

कॉलेजमध्ये पायथन शिकलात, नोकरी लागली आणि प्रोजेक्ट मिळालं मेनफ्रेमचं. समोर काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं. सीनियर म्हणतात, "होस्ट अप आहे, पण एलयू मिळत नाहीये." आपण नुसती मान डोलावतो. आज हे शब्द सोडवूया.

होस्ट म्हणजे मेनफ्रेम. प्रोग्रॅम आणि डेटा तिथे असतो. टर्मिनल म्हणजे त्याच्याशी बोलायचा स्क्रीन-कीबोर्ड. आयबीएमने १९७१ मध्ये ३२७० ही टर्मिनलची मालिका आणली. आता ती यंत्रं जवळपास गेली, पण त्यांची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर आपल्या लॅपटॉपवर असतं. तोच टर्मिनल इम्युलेटर. नेहमीची स्क्रीन २४ ओळींची, प्रत्येक ओळीत ८० अक्षरं.

आता ब्लॉक मोड. बँकेत आपण स्लिप पूर्ण भरतो आणि मगच खिडकीत देतो ना? इथेही तसंच. टाइप केलेलं लगेच होस्टकडे जात नाही. एंटर किंवा पीएफ की दाबली की बदललेली फील्ड्स एकदम जातात. मग कीबोर्ड लॉक होतो, खालच्या ओळीत 'एक्स' दिसतो. बहुतेक वेळा ते हँग झालेलं नसतं, उत्तराची वाट बघत असतं.

पूर्वी हे सगळं आयबीएमच्या एसएनए नेटवर्कवर चालायचं. एलयू, म्हणजे लॉजिकल युनिट, हा शब्द तिथलाच. होस्ट तुमच्या सेशनला ज्या नावाने ओळखतो, ते एलयूचं नाव. आज तोच ३२७०चा डेटा टेलनेटमधून टीसीपी-आयपीवर जातो. याला म्हणतात टीएन३२७०.

आणि एब्सिडिक? आस्कीमध्ये कॅपिटल 'ए'चा नंबर ६५, मेनफ्रेमच्या एब्सिडिकमध्ये १९३. मधला दुभाषा म्हणजे इम्युलेटर. कोणता तक्ता वापरायचा, ते कोड पेज ठरवतं.

आता याचा उपयोग बघा. होस्टचं नावच सापडत नाही? डीएनएस तपासा. नाव सापडलं, पण कनेक्शन होत नाही? पोर्ट, फायरवॉल किंवा व्हीपीएन. कनेक्ट झालं, पण लॉगिन स्क्रीन येत नाही? एलयूबद्दल विचारा. फक्त चौकोनी कंस चुकीचे दिसतात? कोड पेज. "चालत नाहीये" एवढंच सांगण्यापेक्षा यातलं एक वाक्य तिकिटात लिहिलंत, तर ते योग्य टीमकडे जाईल.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. साधं टेलनेट, पोर्ट २३, काहीही एन्क्रिप्ट करत नाही. मधे कोणी पॅकेट पकडलं तर तुमचा पासवर्ड वाचता येतो. एब्सिडिकमध्ये आहे म्हणून तो लपत नाही. एब्सिडिक हा फक्त कोड आहे, कुलूप नाही. म्हणून इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये टीएलएस चालू आहे का, हे आजच बघा. सर्टिफिकेटची वॉर्निंग आली तर डोळे झाकून 'ओके' दाबू नका, आधी विचारा. त्या काळ्या स्क्रीनमागे कुणाचे तरी पैसे, कुणाची तरी पॉलिसी असते.

भेटूया पुढच्या भागात!