सम्राटाचे मुख आणि दख्खनचे सोने

हैदराबाद शहरी, नामपल्लीच्या बाग-ए-आममध्ये, १९३० साली स्थापन झालेले राज्य वस्तुसंग्रहालय आहे. त्याच्या नाणेसंग्रहात रोमन सम्राटांची नाणीही आहेत. तेलंगण-आंध्रच्या भूमीत मिळालेल्या अशा नाण्यांवर डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांनी १९६५ साली स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

रोमन सुवर्णनाण्यास ‘ऑरियस’ म्हणत. त्याचे वजन आठ ग्रॅमच्या आसपास. हे नाणे केवळ चलन नव्हते. ती राजाज्ञाच होती. ऑगस्टसच्या एका प्रसिद्ध नाण्यावर पुढे त्याचे मुख, तर मागे ढाली-भाल्यांसह उभे असलेले गायस व लूसियस हे त्याचे दोन दौहित्र आहेत. राज्याचे वारस कोण, हे त्यातून प्रजेला सांगितले जाई. ते दोघेही इ. स. ४ पर्यंत निवर्तले. नाणी मात्र हिंदुस्थानच्या वाटेने चालतच राहिली. टायबेरिअसच्या नाण्यावर राजदंड व फांदी धारण केलेली आसनस्थ स्त्री दिसते. सत्तेच्या छायेत शांती नांदते, असा त्याचा आशय.

नाण्यावर मुख कोणाचे, हा जेरुसलेमेत येशू ख्रिस्तापुढे आलेल्या कराच्या वादातला कळीचा प्रश्न होता. दख्खनमध्ये सीझरला कर देणारा कोणीच नव्हता. मिरी, मलमल व रत्ने यांच्या मोबदल्यात आलेले ते सोने होते. हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनीने नोंदविली आहे. येथे सापडलेल्या कित्येक नाण्यांवर सम्राटाच्या मुखावरच छिन्नीचा घाव आहे. कोणी म्हणतात, सोन्याचा कस पाहण्यासाठी. कोणी म्हणतात, चलन म्हणून ते रद्द करण्यासाठी. काही नाण्यांना भोके पाडून अलंकार केले गेले. तेर आणि कोंडापूर येथे तर रोमन नाण्यांच्या धर्तीची मातीची पदके मिळाली आहेत. राजाज्ञेचे भूषण झाले! पुढे व्हेनिसच्या मोहरांचीही महाराष्ट्रात तीच गत झाली. त्यांवरील आकृतींमुळे त्यांना ‘पुतळी’ हे नाव मिळाले आणि त्या पुतळ्यांची माळ गळ्यात आली.

अर्थ बदलला तरी नाणे टिकते. मुशीत गेले की दोन्ही संपतात. नांगराला लागलेला हंडा गुपचूप सोनाराकडे गेला, तर सोने उरते, साक्ष जाते. दहा रुपयांहून अधिक मोलाच्या गुप्तधनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी, असे १८७८ चा कायदा सांगतो. ज्यांनी ती वर्दी दिली, त्यांच्यामुळेच आज दोन हजार वर्षांपूर्वीचा हा व्यवहार आपल्याला वाचता येतो.