उपचारानंतरची सोबत
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकीय विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु ज्या कार्याचा खर्च कोणत्या खात्यावर टाकावा असा प्रश्न आमच्या हिशेबनिसांना दरवर्षी पडतो, त्याविषयी दोन शब्द बोलणे मला प्राप्त आहे. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण केलेल्या भगिनी दर गुरुवारी बाह्यरुग्ण विभागामागील खोलीत नव्या रुग्ण स्त्रियांना भेटतात, ते हे कार्य.

सन 2022 मध्ये भारतात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना हा आजार नव्याने झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. वेळीच निदान झाल्यास त्यांतील पुष्कळ जणी दीर्घकाळ जगतात. मात्र टाके निघाल्यावर, किमोथेरपी संपल्यावर जे प्रश्न उभे राहतात, ते डॉक्टरांच्या टेबलापर्यंत क्वचितच पोहोचतात. शिंप्याला मापे देताना काय सांगावे? काखेतील गाठी काढलेल्या हाताने पाण्याची कळशी उचलावी की नाही? मुलीच्या लग्नाची बोलणी करताना आजार सांगावा का? पती अबोल झाले आहेत, ते घाबरले आहेत की दुरावले आहेत?

ही कल्पना आमची नव्हे. न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर यांच्यावर 1952 साली स्तन काढण्याची शस्त्रक्रिया झाली. पुढे काय करावे हे सांगणारे कोणी न भेटल्याने त्या स्वतःच इतर रुग्णांना भेटू लागल्या. काही डॉक्टरांना ही ढवळाढवळ वाटली. तथापि 1969 साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो उपक्रम स्वीकारला. त्या काळी भेटीस जाणाऱ्या स्वयंसेविका तात्पुरता कृत्रिम स्तन आणि हाताच्या व्यायामासाठी चेंडू व दोरी सोबत नेत. आपल्या खोलीतही भिंतीवर बोटांनी हात वर चढविण्याचा व्यायाम भगिनीच करून दाखवितात. सिलिकॉनचे साधन अनेकींना परवडत नाही, म्हणून त्या कापसाचे शिवून देतात. ते हलके असल्याने वर सरकते. आत थोडे वजन घालावे लागते. हे ज्ञान मला कोणत्याही खरेदी-निविदेत मिळाले नसते!

नियम मोजकेच आहेत. औषधाविषयी बोलायचे नाही. तो प्रश्न डॉक्टरांकडे न्यायचा. ‘मी बरी झाले, तूही होशील’ असे वचन द्यायचे नाही. या दुसऱ्या नियमाची कसोटी गतवर्षी लागली. एका ज्येष्ठ स्वयंसेविकेचा आजार उलटला. तिला पाहून नव्या स्त्रिया धीर सोडतील, तिने येऊ नये, असे काहींचे मत पडले. माझे मत निराळे होते, पण तो निर्णय कार्यालयाचा नव्हता. ‘ताईंनीच ठरवावे,’ असे भगिनींनी ठरविले. सलाईन नसेल त्या गुरुवारी ताई येतात. नव्या रुग्णांशी त्या बोलत नाहीत. ज्यांचा आजार परतला आहे, त्यांच्याजवळ बसतात. त्या स्त्रियांसाठी आजवर कोणीच बसत नव्हते.

आता पैशाविषयी. निर्धन रुग्ण निधी उपचारांच्या बिलांसाठी आहे. स्वयंसेविकांचा प्रवास, कापड व चहा त्यात बसत नाही. सन 2023 पासून महिलांना एस.टी.चे निम्मे भाडे पडते, त्यामुळे प्रवासखर्च बराच घटला आहे. खरा प्रश्न खोलीचा आहे. ती रक्त-तपासणी केंद्रास भाड्याने द्यावी, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. भाड्याचे उत्पन्न मी नाकारीत नाही. ते मोजणे माझेच काम आहे. त्याऐवजी सभागृहाचा कोपरा पडदा लावून द्यावा, अशीही सूचना आली. परंतु तेथे येणाऱ्या स्त्रिया एकमेकींना शस्त्रक्रियेची खूण दाखवितात. कित्येकींनी ती घरच्या आरशातही पाहिलेली नसते. त्यासाठी पडदा पुरत नाही, आतून कडी लागते. ती कडी या खोलीस आहे.

प्रस्तावावर मतदान होण्यापूर्वी विश्वस्तांनी एखाद्या गुरुवारी, भगिनी येण्याआधी दहाच्या सुमारास, ती खोली पाहून जावी, अशी नम्र विनंती आहे. किल्ली माझ्या कार्यालयात असते.