कोळशाचा हिशेब



मी कॉलेजची पायरी चढलेला माणूस नव्हे. रसायनशास्त्राचे पुस्तक मी प्रथम उघडले ते एका फायरमनवरील चार्जशीटमुळे. बॉयलरला कोळसा जास्त लागतो, वाफ मात्र कमी, म्हणजे हा कामचोर, असा आरोप होता.

पुस्तकात एक उदाहरण सापडले. १२ ग्रॅम कार्बन पुरेशा हवेत जळून त्याचा कार्बन डायऑक्साइड झाला, की सुमारे ९४ किलोकॅलरी उष्णता मिळते. हवा अपुरी पडून तो कार्बन मोनॉक्साइडवरच थांबला, तर अवघी २६. बाकीची ६८ त्या वायूबरोबर धुराड्यातून निघून जाते. गंमत अशी, की हा २६चा आकडा सरळ मोजणे कठीण. जळताना दोन्ही वायू मिसळूनच निघतात. म्हणून मोनॉक्साइड वेगळा जाळून ६८ मोजायची आणि ९४मधून वजा करायची. आरंभ आणि शेवट तेच असले, तर वाट कोणतीही असो, एकूण उष्णता तीच, हा नियम सेंट पीटर्सबर्गच्या हेस यांनी १८४० साली मांडला. बिनव्याजी उसनवारीसारखेच आहे हे: एकदम फेडा की दोनदा, रक्कम तीच!

आमच्या भट्टीचा डँपर अडकला होता. फायरमनने दोनदा तक्रारही केली होती. चौकशीत मी ही वजाबाकी मांडली. साहेब म्हणाले, हे युनियनचे काम नव्हे. मग कोणाचे? या वायूला ना रंग, ना वास. कोंडल्या जागी तो माणूस मारतो.

डँपर त्याच आठवड्यात दुरुस्त झाला. चार्जशीट मागे घ्यायला मात्र चार महिने लागले.