पडद्यावरची सासू : ललिता पवार
(वाचनवर्गात दिलेले भाषण)



आज आम्ही एका बाईची गोष्ट सांगणार आहोत. तिचे नाव तुम्ही ऐकले आहे. रागाच्या भरात ते वापरलेही असेल! भोकरदनला जा, अंबडला जा, परतूरला जा. सासू फार टोचून बोलू लागली, की नळावर पाणी भरताना सून मैत्रिणीला हळूच म्हणते, "काय सांगू बाई, आमची सासू म्हणजे अगदी ललिता पवार!" मैत्रिणी हसतात. जास्त काही सांगावे लागत नाही.

पण ही ललिता पवार कोण, कुठली? सिनेमातली खाष्ट सासू, एवढेच आपल्याला ठाऊक. तिच्या खऱ्या आयुष्यात काय घडले, ते फार थोड्यांना माहीत असते.

ललिताबाई काही लांबच्या नव्हेत. जालन्याहून मनमाडच्या गाडीत बसा. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, मागे टाकले की लासूर येते. मग रोटेगाव, मग नगरसूल. हे नगरसूल येवले तालुक्यातले. त्या येवल्यात 1916 साली ललिताबाईंचा जन्म झाला. तेव्हा त्यांचे नाव अंबा होते. वडील रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी. येवले म्हणजे पैठणीचे गाव, हे बायामाणसांना सांगायला नकोच.

अंबा लहानपणीच पुण्याच्या एका सिनेमा कंपनीत काम करू लागली. तेव्हा ती अवघी बारा-एक वर्षांची असेल. महिना 18 रुपये पगार होता, असे सांगतात.

तो काळ मुक्या चित्रपटांचा होता. पडद्यावर माणसे हलत, ओठ हलत, पण आवाज नसे. मध्येच चित्र थांबे आणि पडद्यावर अक्षरे उमटत. कोण काय म्हणाले, ते त्या अक्षरांत असे. ज्याला वाचता येत नसे, तो शेजारच्याला विचारी, "काय म्हणाला हो तो?" शेजारचाही अडाणी असला, तर दोघांनी नुसते बघत बसायचे! आज तुम्ही त्या थेटरात असता, तर दहा जणांना वाचून दाखवले असते.

1931 साली आपल्या देशात बोलपट सुरू झाले. त्याच सुमारास या मुलीने मोठे धाडस केले. 1932 साली 'कैलाश' नावाचा मुका चित्रपट तिने स्वतः काढला. वय सोळा! त्यात तिने एकटीने तीन वेगवेगळ्या भूमिका केल्या. पुढे बोलपटांतही ती नायिका झाली. 1935 चा 'हिम्मत-ए-मर्दां' गाजला. नायिकेने नाचायचे, आपली गाणी आपणच गायची, असे ते दिवस होते. ललिताबाईंना हे सारे येत होते. दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पवार हे आडनाव तिथून आले. 1938 साली त्यांनी टॉलस्टॉय या रशियन लेखकाच्या कादंबरीवरून 'दुनिया क्या है' हा बोलपट काढला आणि त्यात कामही केले. म्हणजे पाहा, नायिका तर होत्याच, वर धंद्यातही हात घातला होता.

आणि मग 1942 साल आले.

'जंग-ए-आझादी' नावाच्या चित्रपटाचे काम चालू होते. एका प्रसंगात मास्टर भगवान यांनी ललिताबाईंना थप्पड मारायची होती. सिनेमातली थप्पड खरी नसते, बरं का. हात गालाजवळून नुसता फिरतो, आणि आवाज मागाहून भरतात. त्या दिवशी मात्र हात खरोखरच बसला, आणि फार जोरात बसला. मुद्दाम नव्हे, चुकून. पण व्हायचे ते होऊन गेले. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. डाव्या डोळ्याला इजा झाली. औषधपाणी पुष्कळ दिवस चालले. चेहरा बराच सुधारला, पण डावा डोळा कायमचा बारीक राहिला.

ललिताबाई तेव्हा 26 वर्षांच्या होत्या.

आपल्याकडून दरसाल किती जोड्या ऊसतोडीला जातात! ऐन हंगामात गड्याचा हात मोडला, तर घेतलेली उचल कशी फिटायची? कोयता धरायचा तर हात लागतो. तसे नायिकेला तोंड लागते. तिचे भांडवल तेच. ते गेले, की लोक दुसरीला बोलावतात. ललिताबाईंचेही तसेच झाले. नायिकेची कामे बंद झाली.

घरी बसल्या असत्या, तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्या पुन्हा कामावर आल्या. नायिका नाही तर नाही, जे मिळेल ते काम घेतले. 1944 साली प्रभात कंपनीचा 'रामशास्त्री' आला. त्यात त्या आनंदीबाई झाल्या. तुम्हाला 'ध'चा 'मा' ठाऊक आहे ना? नारायणराव पेशव्याला धरावे, असे पत्रात लिहिले होते. आनंदीबाईने 'ध' खोडून 'मा' केला, आणि 'धरावे'चे 'मारावे' झाले, अशी कथा सांगतात. नारायणरावाचा खून 1773 साली शनिवारवाड्यात झाला, हे मात्र खरे. एका अक्षराची ही कथा वाचनवर्गात सांगावीशी वाटते, म्हणून थोडे आडवळण घेतले.

त्यानंतर सासवांची रांगच लागली. 1950 साली शांतारामबापूंच्या 'दहेज' चित्रपटात त्या हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू झाल्या. तो बारीक डोळा त्या आणखी बारीक करीत, मान जरा वाकडी करीत, आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा येई. जत्रेतल्या तंबूत आम्ही पाहिले आहे. बायका पडद्याकडे पाहून बोटे मोडत. "मेली कुठली!" म्हणत. म्हणजे काम चोखच झाले म्हणायचे. पण शिव्या कुणाला बसत? अपघातातून उठून पोट भरणाऱ्या एका बाईला.

इथे आमच्या मनातले एक बोलतो. अशा पुष्कळ चित्रपटांत सारा दोष एकट्या सासूच्या माथी मारलेला असतो. नवरा खाली मान घालून उभा, सासरा पेपर वाचीत बसलेला! हुंडा मागायला काय एकटी सासू जाते? बैठकीला पागोटी-टोप्याच जास्त असतात. हुंडाबंदीचा कायदा 1961 साली झाला. आपल्या गावात तो किती पाळतात, ते तुम्ही आम्हाला सांगायला नको.

ललिताबाईंना मायेची कामेही तितकीच चांगली येत. राज कपूरच्या 'श्री 420' मध्ये, 1955 साली, त्या केळी विकणारी बाई झाल्या. तोंडाने फटकळ, पण मुंबईत नवख्या आलेल्या पोराला जीव लावणारी. 1959 च्या 'अनाडी'त त्या मिसेस डीसा नावाच्या घरमालकीण आहेत. भाडेकरू पोरावर ओरडतात, आणि त्याला पोटच्या लेकरासारखे सांभाळतात. पुढे एका श्रीमंताच्या कंपनीचे विषारी औषध घेतल्याने ही म्हातारी मरते, आणि आळ येतो त्या पोरावर. ते पाहताना आमच्या शेजारचा दांडगा पैलवान उपरण्याने डोळे पुसत होता. या भूमिकेसाठी ललिताबाईंना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. 1961 साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला. पण गावोगाव लक्षात राहिली ती सासूच.

पुढे 1987 साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले. दर रविवारी सारा गाव एका टीव्हीपुढे जमे. काही घरी टीव्हीला हार घालीत. त्यात कैकेयीचे कान भरणारी कुबडी मंथरा म्हणजे आपल्या ललिताबाई. वय सत्तरीचे, तरी पाठीत वाकून काम करीत होत्या. लोकांनी पुन्हा बोटे मोडली!

24 फेब्रुवारी 1998 रोजी पुण्याला औंध येथे त्या वारल्या. सुमारे सत्तर वर्षे त्यांनी काम केले.

आमचे बोलणे संपले. फळ्यावर आम्ही त्यांचे नाव लिहून ठेवले आहे. त्यात एकही जोडाक्षर नाही. आज पहिल्यांदाच वर्गाला आलेल्या मागच्या रांगेतल्या आजी, तुम्ही या पुढे. एकेक अक्षर वाचा पाहू.