तळ्याची पहाट आणि सौर एअरेटर



सौर ऊर्जेवर चालणारा एअरेटर, म्हणजे पाण्यात प्राणवायू मिसळणारे यंत्र, घ्यायला निघालेला माणूस दुकानात दोन गोष्टी विचारतो. पॅनेल किती वॉटचे, आणि किंमत किती. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधी एक प्रश्न यायला हवा, आणि तो सहसा येत नाही. हे यंत्र पहाटे चार वाजता काय करते? तळ्यातल्या माशांचा जीव सर्वांत जास्त धोक्यात असतो तो त्या सुमाराला, आणि तेव्हा सूर्य क्षितिजाखाली असतो. सौर एअरेटरच्या निवडीतली सगळी अडचण या एका विसंगतीत आहे. म्हणून माझे म्हणणे असे की हे यंत्र तळ्याची रात्र मोजून निवडावे. दिवसा ते किती पाणी उडवते यावर भाळून निवडू नये.

हे असे का, ते पाण्याच्या स्वभावावरून कळते. पाण्यात प्राणवायू दोन वाटांनी येतो. एक वाट पृष्ठभागावरच्या हवेची, आणि दुसरी, फार मोठी, पाण्यातल्या हिरव्या सूक्ष्म शेवाळाची. उन्हात हे शेवाळ प्रकाशसंश्लेषण करते आणि प्राणवायू सोडते. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो; पाणी ३० अंशांवर गेले की साडेसातच मावतो. तरीही हिरव्यागार तळ्यात कडक उन्हाच्या दुपारी हा आकडा बाराच्याही पुढे जातो, म्हणजे पाणी अतिसंपृक्त होते. सूर्य मावळला की निर्मिती बंद पडते, श्वसन मात्र चालूच राहते. मासे श्वास घेतात, तळाच्या गाळातले जिवाणू घेतात, आणि सर्वांत जास्त घेते ते दिवसा प्राणवायू देणारे शेवाळच. दाट हिरव्या तळ्यात रात्रीच्या खर्चात माशांचा वाटा बहुधा शेवाळापेक्षा कमीच असतो, ही गोष्ट मत्स्यपालनात नव्याने उतरणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. आकडा रात्रभर उतरत जातो आणि सूर्योदयाच्या आगेमागे नीचांकाला पोचतो. रोहू, कटला, मृगळ या माशांना लिटरमागे पाच मिलिग्रॅम असले की ते खातात आणि वाढतात. तीनच्या खाली गेले की खाणे सोडतात, पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. एकच्या खाली काही तास राहिले की मरतात. दुपारी बारा मिलिग्रॅम दाखवणारे तळे पहाटे मेलेल्या माशांनी भरलेले दिसावे, यात चमत्कार काही नाही. दुपारचा फुगलेला आकडा आणि पहाटेचा पडलेला आकडा ही एकाच दाट शेवाळाची दोन रूपे आहेत.

त्यात ढग आले की संकट दुहेरी होते. दिवसभर आभाळ भरलेले असेल तर शेवाळाची कमाई घटते आणि तळे रात्रीत पाऊल टाकते तेच कमी शिलकेने. त्याच दिवशी पॅनेलची वीजही घटते, निम्म्याच्या खाली, दाट ढगांत त्याहूनही बरीच खाली. सलग दोन-तीन दिवस ढगाळ गेले तर शेवाळ मोठ्या प्रमाणात मरू शकते, मग ते कुजू लागते, आणि कुजण्यालाही प्राणवायूच लागतो. म्हणजे तळ्याला मदत सर्वांत जास्त हवी असते त्याच दिवशी सौर यंत्राचे बळ सर्वांत कमी असते. डिझेल इंजिनाला किंवा विजेच्या मोटारीला हा दोष नाही. सौर यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्याने तो आधी कबूल करायला हवा, आणि मी सौर यंत्राच्या बाजूनेच बोलतो आहे.

आता आपल्याकडचे तळे घेऊ. महाराष्ट्रात २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि तीस बाय तीस मीटरचे, तीन मीटर खोल शेततळे हे घराघरांत ओळखीचे माप झाले. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली अशी तळी आहेत आणि त्यांपैकी अनेकांत पाण्याच्या साठ्याबरोबर मासेही वाढवले जातात. बाजूंचा उतार एकास एक धरला तर असे तळे काठोकाठ भरल्यावर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी असते. समजा, खाद्य भरपूर घातलेल्या अशा तळ्यात रात्री दर तासाला लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम प्राणवायू खर्च होतो. संध्याकाळी सहाला सात असेल तर मध्यरात्री ४.६ उरतो आणि सकाळी सहाला २.२. तासाचा एकूण खर्च होतो सुमारे ८८० ग्रॅम. चांगले पॅडलव्हील, म्हणजे पाणी फटकारणारे चाक, प्रमाणित चाचणीत एका युनिट विजेत दोन किलोच्या आसपास प्राणवायू पाण्यात उतरवते. पण ती चाचणी २० अंशांच्या, प्राणवायू काढून टाकलेल्या स्वच्छ पाण्यात होते. कोमट आणि आधीच थोडा प्राणवायू असलेल्या तळ्यात हा आकडा निम्म्यावर येतो. एक अश्वशक्तीचे यंत्र तासाला पाऊण युनिट वीज घेते, म्हणजे साधारण पाऊण किलो प्राणवायू देते. ते मध्यरात्री सुरू करून सहा तास चालवले तर घसरण जवळजवळ थांबते आणि पहाटे आकडा चार मिलिग्रॅमच्या वर टिकतो. या सहा तासांची वीज साडेचार युनिट. महाराष्ट्रात एक किलोवॉटचे पॅनेल स्वच्छ दिवशी चार युनिटांच्या आसपास देते. साठवणुकीतली गळती धरली तर दीड किलोवॉटचे पॅनेल लागेल. आणि बॅटरी? बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत १.८ युनिट मावतात, पण शिसे-आम्लाची बॅटरी टिकवायची तर निम्मीच रिकामी करावी. म्हणजे एका रात्रीला पाच बॅटऱ्या, आणि ढगाळ दिवसाची सोय म्हणून दोन रात्री धरल्या तर दहा. लिथियम-फॉस्फेटची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणून संख्या घटते, किंमत मात्र वाढते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. बॅटरीशिवाय, फक्त दिवसा चालणारे सौर यंत्र मग निरुपयोगी म्हणायचे का? नाही. उन्हाळ्यात तीन मीटर खोल तळ्यातले वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या गार पाण्यावर तरंगत राहते. वर प्राणवायूची चंगळ, खाली गाळाजवळ जवळपास शून्य. दुपारी हे दोन थर मिसळले तर वरचे अतिसंपृक्त पाणी तळाशी जाते, गाळाची भूक दिवसाच भागते, आणि रात्री सुरू होताना सगळ्या तळ्यात मिळून शिल्लक जास्त असते. वळवाच्या पहिल्या जोरदार सरीने किंवा वाऱ्याने थर अचानक उलटून तळाचे विषारी पाणी एकदम वर येण्याचा धोकाही त्यामुळे घटतो. म्हणजे दिवसाच्या यंत्राला काम आहे, पण ते मिसळण्याचे. तिथे पाणी हवेत उडवणारे यंत्र उलटे नुकसान करते, कारण अतिसंपृक्त पाणी फटकारले की जास्तीचा प्राणवायू हवेत निघून जातो. दुपारी दोनला डौलाने पाणी उडवणारे कारंजे पाहून गिऱ्हाईक खूश होते. त्याच वेळी तळे आपली रात्रीची शिदोरी गमावत असते. म्हणून बॅटरी परवडत नसेल तर पॅडलव्हील किंवा कारंजे घेऊ नये. तळाशी सूक्ष्म छिद्रांचा डिफ्यूझर ठेवून काठावरच्या छोट्या कॉम्प्रेसरने हवा सोडणारे यंत्र घ्यावे. एका युनिटमागे प्राणवायू देण्यात ते पॅडलव्हीलच्या निम्मेही भरत नाही, हे खरे. पण वर उठणारे बुडबुडे तळाचे पाणी वर खेचतात आणि आपल्याला हवे ते मिसळण्याचे काम कमी विजेत होते. मोटार काठावर, कोरडी राहते. अस्तराच्या तळ्यात हा फायदा लहान नाही. छिद्रे बुजतात, ती वरचेवर साफ करावी लागतात, एवढा त्रास पत्करावा.

मात्र मिसळणे सकाळपासून आणि रोज करावे. आठवडाभर बंद ठेवलेले यंत्र एके दिवशी पूर्ण जोरात लावले तर आपणच तळ उलटवतो.

दुसरा आक्षेप बॅटरीच्या खर्चाचा. शेतकरी म्हणेल, दहा बॅटऱ्यांच्या पैशात मी आणखी एक तळे खोदीन. हा हिशेब अनेक ठिकाणी बरोबरच निघेल. पण मग दुसरी वाट धरायला हवी: रात्रीचा खर्चच कमी करायचा. माशांची बोटुकली कमी सोडायची, आभाळ भरलेल्या दिवशी खाद्य बंद ठेवायचे, आणि पाण्याच्या हिरवेपणावर नजर ठेवायची. इटलीतल्या अँजेलो सेक्की या धर्मगुरू-शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये वापरात आणलेली तबकडी यासाठी आजही पुरते. वीस सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची. ती तीस-चाळीस सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक, वीसच्या आतच गडप झाली तर शेवाळ बेसुमार झाले आहे. यंत्र घेण्याआधी पहाटेचा प्राणवायू मोजणे तर अनिवार्यच समजावे. त्यासाठी महागडे मीटर नसले तरी हंगेरीच्या विंकलरने १८८८ मध्ये दिलेली रासायनिक पद्धत आहे, आणि तिच्यावर आधारलेले साधे संच मिळतात. चार-पाच स्वच्छ पहाटा आणि ढगाळ दिवसानंतरची एखादी पहाट, एवढी मोजमापे हाताशी असली की यंत्र किती मोठे हवे, की नकोच, हे विक्रेत्याला विचारावे लागत नाही. आणि मोजमाप एप्रिल-मे महिन्यांतही करावे. शेततळे मुळात पिकासाठी असते. उन्हाळ्यात त्यातले पाणी बागेला जाते, तीन मीटरचे दीड मीटर होते, मासे तेवढेच राहतात, उलट वजनाने वाढलेले असतात.

तिसरा आक्षेप धोरणाशी जोडलेला आहे. वाहिनीची वीज असताना पॅनेल कशाला? शेतकऱ्याची जुनी मागणी दिवसा विजेची. रात्री-बेरात्री, विंचूसापाच्या भीतीत मोटार चालू करायला जाणे थांबावे म्हणून ती झाली, आणि ती न्याय्यच आहे. २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि तिचा २०२३ चा दुसरा टप्पा त्याच मागणीला उत्तर देतात. पिकाला पाणी दिवसा दिले तरी चालते, किंबहुना तेच बरे. माशांचे तसे नाही. शेतीची वीज दिवसाकडे सरकेल तितकी शेततळ्यातल्या मत्स्यपालकाची रात्र उघडी पडणार आहे. त्यामुळे सौर पंपांसाठी जे अनुदान आणि जो विचार झाला तो जसाच्या तसा एअरेटरला लावता येणार नाही. पंपाला साठवण लागत नाही, कारण पाणी टाकीत साठते. एअरेटरला बॅटरी लागते, आणि अनुदानात बॅटरीचा वाटा नसेल तर तळ्यावर दिवसा फिरणारी चाके उभी राहतील. जिथे गावठाणाची सिंगल-फेज वीज तळ्यापर्यंत नेता येते, तिथे दिवसा पॅनेल आणि रात्री वीज अशी जोड सर्वांत स्वस्त पडेल, असे मला वाटते.

शहरांतल्या तलावांबद्दल थोडेच बोलतो. कोल्हापूरचा रंकाळा किंवा मुंबईचा पवई तलाव यांचे दुखणे मुळात सांडपाण्याचे आहे. मुंबईच्या बाणगंगेत पितृपक्षातल्या पिंडदानानंतर मासे मेल्याच्या बातम्या एकाहून अधिक वर्षी आल्या. अन्न आणि निर्माल्य पाण्यात कुजले की प्राणवायू संपतो, कारण तेच. अशा ठिकाणी एअरेटर चार दिवस मासे वाचवू शकतो, पण रोज येणारी घाण तो संपवत नाही. तरीही नगरपालिकांच्या निविदांत एअरेटर येत राहणार. मग निदान निविदेची अट बदलावी. यंत्राची अश्वशक्ती आणि पॅनेलचे वॉट लिहून घेण्याऐवजी, तलावाच्या ठरलेल्या तीन जागी, पृष्ठभागाखाली आणि तळाजवळ, पहाटे पाच वाजता प्राणवायू लिटरमागे चार मिलिग्रॅमच्या खाली जाणार नाही, पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांनंतरही जाणार नाही, असे लिहून घ्यावे. आणि ठेकेदाराचे बिल त्या पहाटेच्या नोंदी पाहून चुकते करावे.