मंत्र्यांची संख्या आणि आपला वाटा
(बौद्ध कुटुंबांच्या सभेत दिलेले भाषण)



राज्यघटना म्हणजे मूलभूत हक्कांची यादी, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. परंतु त्या हक्कांचे रक्षण ज्या राज्ययंत्राने करावयाचे, ते केवढे असावे, त्याची रचना कशी असावी आणि त्याने कोणाला जाब द्यावा, हेही घटनाच ठरवीत असते. आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

२६ जानेवारी १९५० रोजी आपली घटना अमलात आली. राज्याच्या विधानसभेत ६० हून कमी व ५०० हून अधिक सभासद नसावेत, असा सर्वसाधारण नियम तिने घालून दिला. मंत्री किती असावेत यावर मात्र तिने मर्यादा घातली नव्हती; ते मुख्यमंत्र्यांच्या विवेकावर सोपविले होते. या विश्वासाचा पुढे दुरुपयोग झाला. १९९७ साली उत्तर प्रदेशात नव्वदाहून अधिक मंत्री झाले. मंत्रिपद हे पक्षांतराचे मोल बनले आणि त्याचा भार पडला तो गरिबाच्या करावर.

म्हणून २००३ सालच्या ९१ व्या घटनादुरुस्तीने असे ठरविले की, मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या सभासदसंख्येच्या शेकडा १५ हून अधिक असू नये. केंद्रात लोकसभेच्या बाबतीतही हेच प्रमाण आहे. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ सभासद आहेत. तेव्हा येथे ४३ हून अधिक मंत्री होऊ शकत नाहीत. लहान राज्यांचा कारभार अडू नये म्हणून १२ मंत्र्यांची मुभा ठेविली आहे. गोव्यात ४० सभासद असल्याने हिशेबाने सहाच मंत्री येतात, तरी तेथे १२ होऊ शकतात. शिवाय पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्यास पुन्हा निवडून आल्यावाचून त्या सभागृहाच्या मुदतीत मंत्रिपद मिळू नये, अशीही तरतूद झाली.

संख्या ठरली. पण त्या जागांवर कोण बसणार? हा आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने जे निवेदन तयार केले, त्यात मंत्रिमंडळातील अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या समाजाच्या कायदेमंडळातील सभासदांनी निवडावेत, अशी योजना होती. ती घटनेत आली नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी संसदीय पद्धतीचे मर्म सांगितले, ते असे : या पद्धतीत स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक मोल आहे, आणि मंत्र्यांना सभागृहात रोज जाब द्यावा लागतो. विधानसभेत आपल्यासाठी राखीव जागा आहेत. मंत्रिमंडळात तशी एकही नाही. ४३ मंत्र्यांत आपला एकही नसला, तरी घटनेचा भंग होत नाही, हे ध्यानात ठेवा.

गावाची गोष्ट निराळी आहे. त्याच भाषणात बाबासाहेबांनी खेड्याऐवजी व्यक्ती हा घटनेचा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते. गावगाड्याने आपल्या वाडवडिलांना काय दिले, हे ते जाणत होते. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतीला घटनेत स्थान मिळाले. परंतु त्याबरोबर सभासदांच्याच नव्हे, तर सरपंचाच्या जागाही अनुसूचित जातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात राखून ठेवण्यात आल्या. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत ७ ते १७ सभासद असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातींत गणले आहे. धर्मांतराने ही जागा हिरावली जाईल, असे भय कोणी घातल्यास त्यास हा कायदा दाखवा.

तेव्हा माझे सांगणे इतकेच की, मंत्रिमंडळात आपला माणूस बसविणे हे आपल्या मताच्या व संघटनेच्या बळावर अवलंबून आहे. तेथे घटना हात धरणार नाही. पंचायतीत घटनेने जागा दिली आहे. त्या जागेवर दुसऱ्याच्या इशाऱ्याने अंगठा उठविणारा माणूस पाठवू नका. वाचता येणारी, हिशेब विचारणारी मुलगी वा सून पाठवा आणि ग्रामसभेस स्वतः हजर राहा.

जय भीम!